‘ओ’ आला की थांबायचं

मित्रांनो, मला कातडी नाही. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं. मी स्नायूंचा तक्ता आहे, आता बराच जुना झालेला. मेणकापडावर छापलेला, वर आणि खाली लाकडी दांडे, टांगायला सुतळी. डावीकडे समोर तोंड करून उभा असलेला माणूस, उजवीकडे तोच पाठमोरा, आणि दोघेही डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सोललेले, लालबुंद. लहान मुलं मला पाहून आईच्या पदराआड जातात. मोठी माणसं जेवायला बसताना माझ्याकडे पाठ करून बसतात. जन्मापासून हेच चाललं आहे. सवय झाली म्हणा, पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझ्या अंगावर आधी लाल रंग चढला, मग निळा, मग काळा, आणि काळ्या शाईबरोबर शब्द आले. माझ्या प्रत्येक स्नायूपासून एक बारीक रेघ निघते आणि तिच्या टोकाला त्याचं नाव असतं. नावं रोमन लिपीतली आणि बरीचशी ग्रीक मुळाची. लांब म्हणजे किती लांब! काही नावं तर खुद्द त्या स्नायूहून लांब आहेत. छापणारा माणूस हात पुसता पुसता सोबत्याला म्हणाला की हे वाचायचं तर जीभ भाड्याने आणावी लागेल, आणि दोघं पोट धरून हसले. मी मात्र हुरळून गेलो होतो. मला वाटलं, आपल्या अंगावर एवढं लिहिलंय म्हणजे लोक वाचायला झुंबड करतील. कसली झुंबड आणि कसलं काय!

छापखान्यातून मी थेट ओरोसला आलो, एका खासगी नर्सिंग विद्यालयात. तिथे शिकणाऱ्या मुली देवगडपासून दोडामार्गापर्यंतच्या, बहुतेक मराठी शाळांतून आलेल्या. त्या माझ्यासमोर बसायच्या, एखाद्या नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायच्या आणि मध्यावरच अडकायच्या. मग बोट खाली यायचं. रसिका नावाच्या एका मुलीने तर मानेचा स्नायू वाचताना सगळा वर्ग हसला म्हणून बॅग भरायला घेतली होती. माझ्या अंगावरचा प्रत्येक शब्द म्हणजे त्या पोरींच्या वाटेतला धोंडा झाला होता, आणि मी काय करणार? मला नुसतं लटकायला येतं.

मग गुरुदास सर आले. उंच, शिडशिडीत, जामसंड्याचे. वर्गात पाऊल टाकताच त्यांनी माझ्याकडे नाही, मुलींकडे पाहिलं आणि विचारलं, कुर्लीचा डेंगा कुठे मोडतात? मालवणच्या किनाऱ्यावरच्या मुलींना खेकड्याची नांगी कशी मोडतात हे काय सांगावं लागतं? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, सांध्यावर. मध्येच मोडली तर कवचाचा चुरा होतो आणि मांस हाताला लागत नाही. सर म्हणाले की शब्दही तसाच मोडायचा. आणि सांधा कुठे आहे हे ग्रीक लोकांनी आपल्यासाठी दाखवून ठेवलं आहे. दोन तुकडे जोडताना ते मध्ये ‘ओ’ घालतात. ‘ओ’ आला की थांबायचं, दम घ्यायचा, मग पुढे जायचं.

त्यांनी लाल पेन काढलं आणि माझ्या अंगावर प्रत्येक नावाखाली ते देवनागरीत लिहिलं, आणि सांध्यांवर उभ्या रेघा मारल्या. स्टर्नो, रेघ, क्लायडो, रेघ, मॅस्टॉइड. स्टर्नो म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. मानेचा तो स्नायू या तिघांना धरून असतो, म्हणजे नावातच त्याचा पत्ता. गॅस्ट्रो म्हणजे पोट आणि क्नीमियस म्हणजे गुडघ्याखालचा पाय. आपण ज्याला पोटरी म्हणतो त्याला ग्रीक लोकही पायाचं पोटच म्हणत होते. वर सर हसत म्हणायचे की अगं, आपल्या मालवणीत घसो, खांदो, घोडो, सगळेच ओकारात. तेव्हा हे स्टर्नो आणि क्लायडो आपलेच भाऊबंद समजा. दर वेळी हा ‘ओ’चा नियम लागू पडायचा असं नाही. पण घाबरलेल्या पोरीला पहिली पायरी सापडायची.

रसिकेने बॅग रिकामी केली. ती उभी राहिली, दर ‘ओ’वर थांबली, दम घेतला आणि मानेचा स्नायू शेवटपर्यंत म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही. मित्रांनो, आपल्या अंगावरचा शब्द कोणीतरी न घाबरता म्हणतंय हे ऐकण्यासारखं सुख नाही. त्यानंतरची वर्षं माझी बरी गेली. रोज सकाळी सगळा वर्ग माझी नावं तुकड्या-तुकड्यांनी म्हणायचा, सर टेबलावर ठेका धरायचे, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटायचं की आत आरती चालली आहे. विद्यालयात पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यासमोर आणून उभं करायचे. मीही जरा ताठ लटकायचो.

पुढे वर्गात मोठा पडदा आला. त्यावर माणूस गोल फिरायचा, त्याचे स्नायू आपोआप सुटे व्हायचे, आणि नाव दाबलं की कुठलीशी बाई ते नाव बोलून दाखवायची. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. तिथे धूळ, कोळी आणि एक मोडकी छत्री, एवढीच सोबत. कोणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही. मला विसरून गेले, इतकंच. सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि त्यांनी स्वतःहून मला मागून घेतलं. एसटीत मी त्यांच्या मांडीवर आडवा होतो. शेजारी बसलेल्या गृहस्थाने हे काय म्हणून विचारलं आणि सरांनी जरासं उलगडून दाखवलं, तर तो गृहस्थ पुढच्या स्टॉपला जागा बदलून बसला.

घरी सरांच्या पत्नी सावित्री दारातच उभ्या होत्या. मी भिंतीवर लागलो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

“सोललेलो माणूस घरात कित्याक आणलात?”

घरात दोघंच होती. मुलगा सुदेश बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सरांनी मला माजघरात, त्यांच्या खाटेसमोर टांगलं. पाहुणे आले की सावित्रीकाकी मला उलटा करायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पाहुण्यांच्या गप्पा ऐकत राहायचो. पण रोज आंघोळीनंतर सर माझ्यासमोर उभे राहून मानेपासून पोटरीपर्यंत सगळी नावं म्हणायचे. काकी म्हणायच्या की बायकोपेक्षा ह्या माणसाशी यांचं बोलणं जास्त. तसं नव्हतं हो. काकींना तर ते सारखी हाक मारायचे. चष्मा हरवला, चहा हवा, गेटाशी कोण आलंय, आंब्याला मोहोर धरलाय, सगळ्याला एकच हाक, “गो, आयकलंस?” काकी आतून म्हणायच्या की या हाकांनी माझा जीव नकोसा केला आहे. आणि म्हणता म्हणता हात पुसत बाहेर यायच्या.

एका सकाळी दाढी करताना सरांच्या हातातून वस्तरा पडला. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. मी समोर होतो आणि मला सगळं दिसत होतं, पण ओरडायला मला गळा कुठे आहे? चित्रातला गळा काय कामाचा? काकींना आवाज आला म्हणून त्या धावत आल्या, शेजारपाजार गोळा झाला, सरांना गाडीत घालून नेलं. त्यानंतर घर बंद. कितीतरी दिवस मी बंद घरात त्या रिकाम्या खाटेकडे बघत होतो.

सर परत आले तेव्हा उजवा पाय ओढत होते आणि त्यांची वाचा गेली होती. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, डॉक्टरांनी जीव वाचवला, पण बोलणं परत येईल की नाही हे सांगता येणार नाही म्हणाले. काकींनी त्यांना खाटेवर बसवलं. सरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, ओठ हलले, आणि अगदी स्वच्छ आवाज आला, “स्टर्नो-क्लायडो-मॅस्टॉइड.”

काकींच्या हातातला पेला खाली पडला. त्या रडल्या, हसल्या, त्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण दुपारी सरांना पाणी हवं होतं आणि ते म्हणाले, गॅस्ट्रोक्नीमियस. उशी हवी होती तेव्हाही गॅस्ट्रोक्नीमियस. पाणी, उशी, भात, नको, पुरे, यातला एक शब्द त्यांना येत नव्हता, आणि माझ्या अंगावरची लांबच लांब नावं घडाघडा बाहेर पडत होती. चुकीचं बोलतोय हे त्यांचं त्यांना कळायचं. डाव्या हाताने ते आपल्या तोंडावर थापट मारायचे आणि मग भिंतीकडे वळून पडायचे. सुदेशचा बोटीवरून फोन आला तेव्हाही तेच. तो आधी हसला, त्याला वाटलं बाबा मस्करी करताहेत. मग त्याला उमगलं. करार संपला की येतो म्हणाला.

काकींचं काय होत होतं ते मी रोज बघत होतो. त्या स्वयंपाकघरातून मध्येच थांबून कान द्यायच्या. हाक आली असं वाटून बाहेर यायच्या, आणि सर खिडकीतून बाहेर बघत असायचे. घरात दोन माणसं आणि बोलायला एकही नाही. एकदा दुपारी त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि सरळ बोलल्या.

“ह्या भिंतीवरच्या माणसाची सगळी नावां तुमका येतत. माका एक हाक मारूक येणा नाय?”

सरांनी तोंड उघडलं. नाव माझ्याच अंगावरचं बाहेर आलं. काकी उठून आत गेल्या.

मग शेजारच्या काशीबाईंनी डोक्यात भरवलं. म्हणाल्या की हे बोलणं मास्तरांचं नव्हेच. भिंतीवर उघडाबोडका उभा आहे तोच त्यांच्या तोंडून बोलतो. झालं! सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. काकींनी मला उतरवलं, गुंडाळलं, फडक्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. अंधार, सुपाऱ्यांचा वास आणि उंदरांची खुडबुड. माझ्यामुळे एखाद्याचं वाईट व्हावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं, पण माळ्यावर कोणापाशी गाऱ्हाणं करणार?

गाऱ्हाणं खाली झालं. काकींनी गावकऱ्यांतल्या लवूतात्यांना बोलावलं. आपल्याकडे अडचण आली की जाणता माणूस घरच्या वतीने देवापुढे सगळं बोलून मांडतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला होकार भरतात. मला दिसत नव्हतं, पण लवूतात्यांचा खडा आवाज माळ्यापर्यंत येत होता.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या घरच्या धन्याची वाचा अडकली हा, ती तू मोकळी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. आणि त्या सगळ्यांत एक आवाज माझ्या ओळखीचा होता. सर म्हणत होते. दर वाक्याला, अगदी वेळेवर, स्वच्छ, “व्हय म्हाराजा!”

खाली एकच गलका झाला. काकींनी लवूतात्यांचे पाय धरल्याचं त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं. मलाही वाटलं, चला, मी माळ्यावर कुजलो तरी चालेल, माणूस तर बोलता झाला. पण संध्याकाळी काकींनी विचारलं, चाय व्हयी? व्हय म्हाराजा. नको काय? व्हय म्हाराजा. माका वळाखतास? व्हय म्हाराजा. दुखता काय? व्हय म्हाराजा. काकी विचारत राहिल्या आणि एकेक उत्तराबरोबर त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग त्यांनी विचारणंच सोडलं.

हे रसिकेच्या कानावर गेलं. तीच, बॅग भरायला निघालेली. नर्स झाल्यावर ती मुंबईत अशाच रुग्णांच्या वॉर्डात काम करत होती, आणि गेलेली वाचा पुन्हा शिकवणाऱ्या तज्ज्ञांचं काम तिने जवळून पाहिलं होतं. आता लग्न होऊन ती जामसंड्यातच राहायला आली होती. ती घरात आली, सरांच्या पाया पडली आणि तिने पहिल्यांदा विचारलं, तक्ता कुठे आहे? काकींनी तोंड फिरवून माळ्याकडे बोट केलं.

मी पुन्हा भिंतीवर आलो. एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलं होतं, पण लाल रेघा शाबूत होत्या. रसिकेने काकींना समजावलं की यात बाधाबिधा काही नाही. जे शब्द सरांनी वर्षानुवर्षं घोकले आणि घोकून घेतले, त्यांची वाट इतकी मळलेली आहे की ते आपसूक बाहेर येतात. गाऱ्हाण्यातल्या होकाराचंही तेच. ते बोलणं नव्हे, नुसती सवय आहे. पण सर ज्या दिवशी अख्खं नाव न म्हणता मध्येच, सांध्यावर, आपल्या मनाने थांबतील आणि हवा तेवढाच तुकडा उचलतील, तो दिवस बोलण्याचा. म्हणून त्यांच्याबरोबर एकेक तुकडा म्हणायचा, तो तुकडा शरीरावर जिथे असेल तिथे हात लावायचा, आणि वाट बघायची.

“सगळा परत येतला असा मी सांगूचंय नाय, काकी,” ती म्हणाली. “पण एक करा. तेंच्या तोंडातलो शब्द तुमी पुरो करू नको. ते खंय थांबतत ता बघा.”

आणि मित्रांनो, मला नावं ठेवणाऱ्या त्याच काकी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. चष्मा नाकावर ढकलून त्या सरांची लाल अक्षरं वाचायच्या. पहिले काही दिवस त्या ‘क्लायडो’ असं म्हणायच्या की जणू कुणाला शिवी हासडताहेत. मला हसू यायचं. मग जीभ वळत गेली. स्टर्नो म्हणून सरांच्या छातीवर हात ठेवायचा आणि थांबायचं. गॅस्ट्रो म्हणून पोटावर हात ठेवायचा आणि थांबायचं. सर मात्र थांबायचे नाहीत. त्यांचं नाव एकदा सुटलं की शेवटच्या अक्षरापर्यंत धावत जायचं.

माझ्या मानेत ओमोहायॉइड म्हणून एक सडपातळ स्नायू आहे. खांद्याच्या मागच्या पसरट हाडापासून निघतो आणि हनुवटीखालच्या एवढ्याशा हाडाला जाऊन मिळतो. ओमो म्हणजे खांदा, रसिकेने सांगितलं. काकींनी सरांच्या खांद्याला हात लावला, मग स्वतःच्या खांद्याला लावला, आणि ‘ओमो’ म्हणून त्यांना उगाचच हसू फुटलं. देवापुढे साखर ठेवली त्या दिवसानंतर काकींना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. सर त्यांच्याकडे बघत होते. पण बाहेर आलं ते अख्खं, एका दमात, ओमोहायॉइड.

रोज संध्याकाळी काकी सरांना खाटेवरून उठवून ओटीवर नेत. सर त्यांच्या खांद्यावर डावा हात टाकत आणि दोघं हळूहळू चालत. सरांना हे आवडत नसे. काकी कामात असल्या तर ते एकट्यानेच उठायला बघायचे, आणि एकदा पडलेही होते. माणूस पडताना समोर असावं आणि हात पुढे करता येऊ नये, याच्यासारखा त्रास नाही. माझ्या अंगावर सगळे स्नायू आहेत, एकही कामाचा नाही.

गणपती येऊन गेले, पाऊस सरला. काहीच होईना. रसिकेची ड्युटी वाढली आणि तिचं येणं कमी झालं. दुपारी घरात आम्ही तिघंच असायचो. एके दिवशी काकींचा धीर सुटला. त्या मला बघत म्हणाल्या की मी येडी झालंय, मेलेल्या लोकांची भाषा शिकत बसलंय. माझी सुतळी सोडायला त्यांनी हात वर केला, पण मग तसाच खाली घेतला आणि त्या चुलीकडे निघून गेल्या.

त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. काकी मागच्या दारी बांगडे साफ करत होत्या. ओटीवर जायची वेळ टळून गेली होती. सरांनी दाराकडे पाहिलं, मग डावा हात खाटेच्या कडेवर रोवला आणि ते उठू लागले. मी मनातल्या मनात ओरडलो, नको, सर, नको! त्यांचा पाय सरकला. ते पुन्हा बसले. कपाळावर घाम होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छापील माणसाच्या मानेकडे, आणि मग तिथून नजर काढून दाराकडे वळवली.

“ओमो,” ते म्हणाले.

मी पुढच्या तुकड्याची वाट बघितली. इतक्या वर्षांत मी हा शब्द कधी अर्धा ऐकला नव्हता. पुढे काही आलं नाही. त्यांनी दम घेतला, आणि या वेळी जोरात, हाक मारतात तसं म्हणाले, “ओमो!”

मागच्या दारी पाण्याचा आवाज थांबला. काकी येऊन दारात उभ्या राहिल्या. हाताला मासळीचं रक्त, कोपरापर्यंत खवले चिकटलेले. त्यांच्या ओठांवर पुढचा तुकडा आलेला मला दिसला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. त्या थांबल्या. सरांचा डावा हात वर झाला होता आणि हवेत तसाच होता.

“खांदो व्हयो?” काकींनी अगदी हळू विचारलं.

“व्हय,” सर म्हणाले.

त्याच्यापुढे म्हाराजा आलं नाही.

काकी तशाच पुढे आल्या. हात धुवायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी खांदा खाली केला, सरांनी त्यावर हात टाकला, आणि उभं राहताना पदराला, सरांच्या सदऱ्याला, सगळीकडे खवले लागले. त्या रडत होत्या आणि म्हणत होत्या, “येतंय मा, येतंय. मारा हाक, व्हयी तेवढी मारा.” सरांनी त्यांना आणखी एकदा हाक मारली, खरं तर त्या जवळच होत्या.

ओटीवरून त्यांचा आवाज येतो पण ओटी मला दिसत नाही. सगळं बोलणं काही परत आलेलं नाही. पाणी अजून अडतं, सुदेशचं नाव अर्ध्यावर येतं. काही तुकडे माझे आहेत, काही मालवणी, आणि त्यांतून त्यांचं चाललेलं असतं. माझी नावं वाचायला आता क्वचितच कोणी येतं, कारण ज्याला शब्द सापडला तो तक्त्याकडे कशाला बघेल? संध्याकाळी माजघरात मी एकटाच असतो. एकटं वाटतं, ते मी लपवणार नाही.

मित्रांनो, माझ्याकडे दुसरं काही मागायचं नाही. माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात, शेजारात कोणाचा शब्द अडला असेल, तर त्याला हसू नका आणि त्याच्या वतीने तो पुरा करू नका. तो जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. आणि त्याने हाक मारली तर हात धुवायला जाऊ नका. आहात तसे पुढे या आणि खांदा द्या.